बाराव्या मिनिटाचा फोन

रस्ता चुकणं हा अपघात नव्हे, तो चारित्र्याचा दोष आहे, असं नकाशाकाकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं, तेव्हा ते मेहुणीच्या नव्या घराऐवजी गुरांच्या दवाखान्यासमोर उभे होते. "इकडे मी मुद्दाम आलो, हवा बरी आहे," असं त्यांनी बायकोला सांगितलं. तिथल्या एका बकरीचाही त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

पण तो सुट्टीचा दिवस होता, आणि सुट्टीतल्या चुका सेवापुस्तकात लागत नाहीत. सेवापुस्तकाप्रमाणे एकतीस वर्षं शहराची रुग्णवाहिका चालवताना काका एकदाही चुकले नव्हते. रेल्वेचं फाटक कधी पडतं, बाजारगल्लीत ट्रक किती वाजेपर्यंत रिकामे होत असतात, कुठल्या रस्त्यावर बारा नंबरचं घर चौदा नंबरच्या पुढे आहे, सगळं तोंडपाठ. म्हणून खात्यात त्यांचं नाव नकाशा पडलं. केस पांढरे झाल्यावर त्याला काका जोडलं गेलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने एकाच समारंभात दोन कामं उरकली. काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि सगळ्या रुग्णवाहिकांत रस्ता दाखवणारे पडदे बसवल्याचं जाहीर केलं. "काकांची जागा आता हे पडदे घेतील," असं एक अधिकारी कौतुकाने म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, पण हातात घड्याळ असल्यामुळे त्या फारशा ऐकू आल्या नाहीत.

ते वाक्य मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी मोटारसायकल घेतली. शोरूममध्ये काचेमागे दिव्याखाली उभी असलेली, त्या रंगातली शेवटची. हँडलच्या मधोमध पंजाएवढा पडदा. त्यात नकाशा, गाणी, फोन, हवेचं तापमान, सगळं. विकणारा माणूस बटणं समजावून सांगायला लागला, तेव्हा काकांनी त्याला हाताने थांबवलं. "मला शिकवू नका. मी रुग्णवाहिका चालवलीय."

पडद्याशी त्यांचा संसार पहिल्या दिवसापासून सुखाचा झाला. हेल्मेटमधल्या माइकवर पत्ता सांगायचा, टिंग वाजलं की निघायचं. रस्ता सांगणारा आवाज त्यांनी बंद ठेवला होता. एकतीस वर्षांत कानाशी कुणी बोललेलं त्यांनी खपवून घेतलं नव्हतं. पडद्यावर करड्या रंगात एक निळी रेघ दिसे आणि रेघेवर बाण. बारीक अक्षरं काही त्यांना लागत नसत. घरी पेपर वाचताना ते हात लांब करत. हँडलचा पडदा लांब करता येत नव्हता. चष्म्याचा विषय निघाला की ते म्हणत, "माझी नजर शाबूत आहे. हातच आखूड पडायला लागलेत."

अभिमानाची गोष्ट पुढेच होती. इतरांचे पडदे म्हणे सारखे टोकत: मागे फिरा, चुकलात, नवा मार्ग शोधतोय. काकांच्या पडद्याने दोन महिन्यांत एकदाही हूं की चूं केलं नाही. ते फाटक टाळून वळले तरी बाण निळ्या रेघेवरच. बाजार टाळून शाळेच्या बाजूने गेले तरी बाण रेघेवरच.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "उपग्रहालासुद्धा माझा रस्ता पटतो."

बायको शाळेत ग्रंथपाल होती. पुस्तक न वाचता परत करणारी माणसं ती चेहऱ्यावरून ओळखायची. पण मागच्या सीटवरून तिला फक्त हेल्मेट दिसे. "उपग्रहाला विचारा, मला एवढं का उकडतंय?"

"यंत्र बावीस डिग्री म्हणतंय. उकडतंय हा तुझा समज आहे."

"समजाने घाम येत नाही हो."

काका मोटारसायकलही रुग्णवाहिकेसारखीच चालवत. जिथे आठ फुटी गाडी जाणार नाही त्या बोळात शिरत नसत. गतिरोधकाच्या पन्नास फूट आधी वेग कमी करत आणि वळण असं घेत, की मागे सलाइन लावलेलं असतं तरी हललं नसतं.

"अहो, मी पेशंट नाहीये. जरा पळवा."

"मागे माणूस आहे ना? मग झालं."

फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. निघाल्यापासून बाराव्या मिनिटाला पडदा हिरवा व्हायचा, घंटी वाजायची आणि मोठ्या अक्षरांत नाव यायचं: घर. ही अक्षरं काकांनाही दिसत.

"घरून फोन येतोय," पहिल्यांदा ते म्हणाले.

"घरून? मी इथे मागे बसलेय. घरी कोण आहे?"

दोघं तसेच मागे फिरले. कुलूप जागच्या जागी होतं, आत कुणी नव्हतं आणि घरात फोनही नव्हता. काकांनी विचार करून निकाल दिला: माणूस बाहेर पडून फार वेळ झाला की यंत्र घराची आठवण करून देतं. हल्ली यंत्रांनासुद्धा माया असते. बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा काकांचा जुना गैरसमज होता.

रोज सकाळी ते पडद्याची परीक्षा घ्यायला म्हणून शहरभर फिरत. नवी वसाहत, नवा पूल, खणून ठेवलेला रस्ता, सगळं पाहून येत. आणि तेवढ्यात खात्याचं पत्र आलं. पडदे असूनही रुग्णवाहिका उशिरा पोहोचत होत्या. चालकांना शिकवायला प्रशिक्षक हवा होता. शहर माहीत असलेला आणि पडदा वापरता येणारा. सोमवारी चाचणी.

काकांनी पत्र हात लांब करून तीनदा वाचलं. ज्या आवारात पडद्याने त्यांची जागा घेतली होती, त्याच आवारात आता पडद्यासकट परत जायचं होतं. सोमवारी त्यांनी बुटांना दोनदा पॉलिश केलं.

आवारात जुने सोबती जमलेच होते. "काका, पडद्याची शिकवणी लावलीत वाटतं?"

"लावली. तो माझ्याकडे शिकतोय."

प्रशिक्षण विभागाच्या मॅडम तरुण होत्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पत्त्याची चिठ्ठी दिली. पाण्याच्या टाकीमागची वसाहत, सहा महिन्यांपूर्वी झालेली. एक रुग्णवाहिका आपल्या पडद्याप्रमाणे जाणार होती. काका मोटारसायकलवर, आणि मॅडम त्यांच्या मागच्या सीटवर. साडेनऊला दोन्ही गाड्या सुटायच्या होत्या.

चिठ्ठी मॅडमनीच वाचून दाखवली, काकांनी पत्ता माइकवर सांगितला, टिंग झालं. पहिल्याच चौकात रुग्णवाहिका बाजारगल्लीकडे वळली. काका सरळ गेले.

"तो रस्ता जवळचा आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"दहा वाजल्यानंतर."

शाळा नऊलाच भरली होती, त्यामुळे तिथला रस्ता मोकळा होता. गतिरोधकावर मॅडमच्या हातातली फाइलसुद्धा हलली नाही. बाराव्या मिनिटाला पडदा हिरवा झाला, घंटी वाजली. काकांनी लक्ष दिलं नाही. सतराव्या मिनिटाला त्यांनी वसाहतीच्या फाटकासमोर गाडी उभी केली आणि हेल्मेट काढून केस सारखे केले. मागे रस्ता रिकामा होता. काकांची छाती आपोआप दोन बोटं पुढे आली.

"काका, मघाशी घरून फोन येत होता. करा ना परत. काकू काळजीत असतील."

"ती शाळेत आहे. घरी कुणी नसतं."

"मग फोन कोणी केला?"

"तो रोजच येतो. बाराव्या मिनिटाला."

मॅडम पडद्यावर वाकल्या. "आपण पोहोचलोय ना? मग हे अजून सव्वाचार किलोमीटर का दाखवतंय?" त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि डाव्या हाताला समुद्र आहे. आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

काकांनी डावीकडे पाहिलं. पाण्याची टाकी होती.

"इथे वर कोपऱ्यात काय लिहिलंय, वाचा बरं."

काका मागे सरकले. आणखी मागे सरकले. फूटपाथ लागला.

मॅडमनीच वाचलं. "शोरूम प्रात्यक्षिक. काका, हे गिऱ्हाइकांना दाखवायचं चित्र आहे. तेच तेच फिरत राहतं. तो फोनही त्यातलाच. तुम्ही कुठेही जा, हे समुद्रकाठानेच जाणार. कधीपासून आहे असं?"

"घेतल्यापासून."

"मग तुम्ही इथे आलात कसे?"

"रस्त्याने," काका म्हणाले.

आठ मिनिटांनी रुग्णवाहिका आली. चालक घाम पुसत उतरला. "बाजारात ट्रक आडवे होते मॅडम. पडदा सरळच म्हणत होता."

चाचणी पडद्याची होती आणि काकांचा पडदा दोन महिने समुद्रकिनारी हिंडत होता. नोकरी गेली, हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी आतून काहीतरी वर येत होतं, ते दाबता दाबेना. दोन महिने उपग्रहाला दिलेलं सगळं श्रेय एका फटक्यात घरी परत आलं होतं.

मॅडमनी फाइल उघडली. 'यंत्रणा वापरता येते का' या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तो रकाना ओलांडून खालच्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं.

"पडद्यावर काय लिहिलंय ते चालकांना मी शिकवीन," त्या म्हणाल्या. "कधी ऐकायचं नाही, ते तुम्ही शिकवा. एक तारखेपासून या. पण एक अट आहे."

"बोला."

त्यांनी अट सांगितली. काकांनी मान डोलावली, मॅडमना पुन्हा आवारात सोडलं आणि त्याच मानेने ते सरळ शाळेच्या वाचनालयात गेले. तिथे मोठ्याने बोलायला मनाई होती, तरी सगळी हकिगत मोठ्याने सांगितली. बायकोने पुस्तकावर शिक्का मारता मारता ऐकून घेतलं.

"म्हणजे उपग्रहाला तुमचा रस्ता पटत नव्हता तर."

"त्याला विचारलंच कुणी होतं?" काका म्हणाले.

संध्याकाळी मॅडमच्या अटीप्रमाणे त्यांनी डोळे तपासून घेतले. जवळचा नंबर अडीच निघाला.