तीन बुटांची शिडी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा ड्रायव्हर माझ्या चौथ्या पायरीवर उभे होते. बाहेरच्या खोलीच्या खिडकीला उजवा पडदा लावून झाला होता आणि डावा त्यांच्या खांद्यावर होता. बाई, म्हणजे ड्रायव्हरांच्या पत्नी, दोन दिवसांनी घरी येणार होत्या. हॉस्पिटलमध्ये जाण्याआधी त्यांनी धुऊन ठेवलेले पडदे त्या यायच्या आत लागलेले असावेत, एवढीच ड्रायव्हरांची इच्छा होती. मला धरायला शेजाऱ्याला बळेच बोलावून आणलं होतं.

फोनवर ड्रायव्हर फक्त "हो" म्हणाले. मग पुन्हा "हो" म्हणाले. फोन ठेवून ते माझ्या खालच्या पायरीवर बसले. पडदा खांद्यावरच होता. शेजारी मला दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहिला. आता धरायची गरज नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

मित्रांनो, मी या घरातली जुनी शिडी. रंगारी लोक मला घोडा म्हणतात, पण घरात मला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. हे घर बांधलं तेव्हा सुताराने दारं-खिडक्या केल्या आणि उरलेल्या सागवानातून मला केलं. म्हणजे स्वयंपाकघराचं दार आणि मी एकाच लाकडाचे. त्याला पॉलिश मिळालं, मला नुसतं तेल. पण माझे पाय फरशीवर घसरू नयेत म्हणून सुताराने मला चार काळे रबरी बूट घातले. पाच पायऱ्या, दोन बिजागऱ्या आणि चार बूट, असा माझा थाट होता.

ड्रायव्हरांनी तीस वर्षं बस चालवली. घाटातल्या वळणावरही त्यांचा हात कधी कापला नाही, असं लोक सांगतात. पण माझ्या तिसऱ्या पायरीपुढे त्यांचे पाय लटपटायचे. त्यात कामाची सवय अशी, की मागून घंटी वाजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तीच सवय त्यांनी घरी आणली. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे आणि तिथेच थांबायचे.

"धरलंय का गं?"

"धरलंय हो, चढा!"

"नक्की?"

"नाहीतर काय, उगाच उभी आहे का इथे?"

मग गाडी सुटायची. या एका शब्दावर माझ्याकडून किती कामं झाली! दिवे बदलले, माळ्यावरच्या गाद्या काढल्या, पंखे पुसले. मुलगी लहान असताना माझ्या खाली चादर टाकून तिचं घर व्हायचं. भिंतींना रंग द्यायचा झाला की बाई मला आधी पुसून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हिच्याशिवाय या घराचं पान हलत नाही." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे शेजाऱ्याने मला आठ दिवसांसाठी नेलं. जाताना मी चार बूट घालून गेले, येताना तीन घालून आले. मागच्या डाव्या पायाचा बूट कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. तेव्हापासून मी डुगडुगायला लागले.

आता एक गोष्ट सांगते. ती इतकी वर्षं बाईंना आणि मलाच ठाऊक होती.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी कापडाची एक चकती शिवली. चांगली जाड, सात पदरांची. स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला ती अडकवलेली असायची. ड्रायव्हर मला उघडून उभी करायचे आणि पाना नाहीतर बल्ब आणायला आत जायचे. तेवढ्यात बाई यायच्या, ती चकती माझ्या आखूड पायाखाली सरकवायच्या, माझ्यावर सगळा भार टाकून मी हलत नाही ना ते बघायच्या आणि निघून जायच्या. ड्रायव्हर चढत असताना त्या ओट्यापाशी भांडी घासत असायच्या. "धरलंय हो!" हा आवाज तिथूनच यायचा. काम झालं की चकती पुन्हा खिळ्याला. मला कोणी धरलेलं नसायचं, आणि तरी मी जागची हलत नसे.

बाई गेल्यावर मी बरेच दिवस खिडकीपाशी उघडीच उभी होते. भेटायला आलेली माणसं मला वळसा घालून जायची. मग मुलीने मला मिटून दाराआड ठेवलं. सहा महिने मला कोणी हात लावला नाही. माझ्या पायऱ्यांवर धूळ बसली आणि एका बिजागरीत कोळ्याने घर केलं. कौतुक काय आणि विसर काय, दोन्ही मी याच घरात पाहिलं.

मग एके दिवशी मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, एकट्याने एवढं घर झाडता तरी येतं का तुम्हाला? माझ्याकडे चला."

"झाडतो की."

"दिसतंय."

घर विकायचं ठरलं. दलाल आला. त्याने खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, ओल आलेल्या भिंतीवर बोट टेकवलं. "काका, घर चांगलं आहे. पण गिऱ्हाईक रविवारी येतंय. त्याच्या आत रंग द्या, अडगळ काढा. आणि ही खिडकी बघा. एक पडदा आहे, एक नाही. घर अर्धवट टाकून माणसं निघून गेल्यासारखं वाटतं."

"दुसराही काढूया," मुलगी म्हणाली.

"काढायचा नाही," ड्रायव्हर म्हणाले. "एक राहिलाय, तो लावायचा. आणि मीच लावणार. तिच्यासाठी हातात घेतलेलं काम आहे."

रंगारी आला आणि मी पुन्हा कामाला लागले. घर रिकामं होत गेलं. मुलगी एकेक वस्तू हातात घेऊन विचारायची, "हे ठेवायचं की टाकायचं?" ड्रायव्हर तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर द्यायचे. टाकायच्या वस्तूंचं एक पोतं अंगणात उभं होतं. शुक्रवारी मुलीने स्वयंपाकघराच्या दारामागचा खिळा मोकळा केला. माझी चकती तिने उलटीसुलटी करून पाहिली आणि पोत्यात टाकली. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटलं. शनिवारी संध्याकाळी भंगारवाला पोतं न्यायला येणार होता.

शनिवारी सकाळी मुलगी दुकानात गेली होती आणि रंगारी मागच्या खोलीत होता. ड्रायव्हरांनी मला खिडकीपाशी उघडलं. डावा पडदा खांद्यावर घेतला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले. नेहमीइतकेच थांबले. मग स्वतःच चढले. दुसरी पायरी, तिसरी. तिथे मी डुगडुगले. मी माझे तिन्ही बूट फरशीत रोवले, पण चौथा पाय अधांतरी होता. ड्रायव्हर पडद्याच्या दांड्याला हात न लावताच खाली उतरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"संपली माझी ताकद," ते म्हणाले. "पाय साथ देत नाहीत आता."

रंगारी आवाज ऐकून बाहेर आला. त्याने मला एका हाताने हलवून पाहिलं आणि हसला. "अहो काका, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. हिच्या पायात बूट नाही! मी चार दिवस विटेचा तुकडा लावून चढतोय. तुम्ही इतकी वर्षं कसे चढलात?"

"ही कधी हललीच नाही."

"न हलायला काय झालं? आखूडच आहे. बोटभर कापड द्या बघू खाली."

ड्रायव्हर अंगणात गेले. पोत्यात हात घालून जे जाड लागलं ते बाहेर काढलं. ती माझी चकती होती. ते ती फडक्यासारखी रंगाऱ्याला द्यायला निघाले आणि दारातच थांबले. चकतीच्या मधोमध माझ्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता, इतक्या वर्षांच्या भाराने खोल गेलेला. कापड खाकी होतं. ड्रायव्हरांच्या जुन्या गणवेशाचं.

"हे तर गरम भांडी उतरवायचं फडकं होतं ना?" ते स्वतःशीच म्हणाले. मग खाली वाकले, चकती माझ्या पायाखाली ठेवली आणि ठशात पाय बसवला. तो बरोबर बसला. त्यांनी माझ्यावर भार टाकून पाहिला, बाई टाकायच्या अगदी तसाच. मी हलले नाही.

मुलगी दुकानातून आली तर बाबा फरशीवर बसलेले. "काय झालं? पडलात की काय?"

"नाही गं. तुझी आई शिडी कधी धरायची नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

"म्हणजे?"

"तीस वर्षं मागचा आवाज ऐकून गाडी चालवली मी. आवाज कुठून येतो ते मला कळत नाही? ओट्यापाशी उभी राहून 'धरलंय' म्हणायची. मी म्हटलं, म्हणू दे. मला तेवढा आवाज पुरायचा." त्यांनी चकतीकडे बोट दाखवलं. "पण हे माहीत नव्हतं."

मुलीने पिशवी खाली ठेवली, आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मग तिथून तिचा आवाज आला. "धरलंय हो, चढा!"

ड्रायव्हर चढले. पडद्याच्या कड्या दांड्यात एकेक करून ओवल्या. वेळ लागला, पण हात कापला नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको होते. त्यांनी खोल्या पाहिल्या, खिडकी उघडझाप करून पाहिली, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले. जाताना बायको म्हणाली, "घर नीट राखलंय हो." ड्रायव्हर म्हणाले, "हो, राखलंय."

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड एखादी शिडी असेल. तिच्या पायांकडे अधूनमधून बघत जा. आणि वर चढणाऱ्या माणसाने काही विचारलं, तर हातातलं काम न सोडता का होईना, पण उत्तर देत जा.

मी ड्रायव्हरांबरोबर मुलीकडे जाणार आहे, चकतीसकट. रंगाऱ्याने जाताना माझ्यासाठी एक नवा रबरी बूट आणून दिला. तो खिडकीत ठेवलेला आहे. अजून बसवलेला नाही.