दाराबाहेर ठेवलेले बाक

मित्रांनो, मी दोघांचे बाक आहे; जुने आहे, हे माझ्या फळ्यांकडे पाहूनच कळेल. ज्या सुताराने मला घडवले, त्याने बैठक आणि पुढची उतरती फळी एकमेकींना जोडली. त्यामुळे माझ्यावर बसणाऱ्या दोघांची तोंडे एकाच दिशेला राहतात. समोरासमोर बसण्याची सोय माझ्यात नाही. सुताराने त्यामागे काही तत्त्व योजले नसावे. ते मला पुढे सापडले.

नाशिकच्या एका विद्यापीठात परीक्षेच्या दालनात माझे तारुण्य गेले. कर्कटकाने माझ्या अंगावर नावे कोरली गेली, बदाम कोरले गेले. एका निराश जिवाने तर अख्खे सूत्र कोरले, आणि तेही चुकीचे. पुढे लोखंडी पायांची बाके आली आणि मला अभ्यास केंद्रात पाठवण्यात आले. एखादा विषय जड जाणाऱ्या मुलांना तिथे त्यांच्याच वयाची मुले शिकवतात. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तो हाच.

तेव्हा नव्या मार्गदर्शकांना तयार करण्याचे काम सृष्टी नावाची एक विद्यार्थिनी करत असे. नवख्याला ती आधी शिकणाऱ्याच्या जागेवर बसवी आणि स्वतः शेजारी बसे.

“एक लक्षात ठेव,” ती सांगे, “‘समजलं का’ असं कधी विचारायचं नाही. आपल्याकडे पाहुण्याला ‘पोट भरलं का’ विचारलं तर तो काय म्हणतो?”

“भरलं म्हणतो,” एक नवखा म्हणाला.

“आणि उपाशी उठतो. म्हणून विचारायचं नाही. पेन्सिल त्याच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं.”

“एवढंच?”

“एवढंच जमत नाही ना हुशार लोकांना! तुझंच तोंड बघ, आत्तापासून शिवशिवतंय.”

“आणि कुणी सर म्हणालं तर?”

“सांगायचं, सर वरच्या मजल्यावर बसतात, एसीत. आपण शेजारी.”

सृष्टी पदवी घेऊन गेली. त्याच सुमारास विद्यापीठाला दर्जा देण्यासाठी समिती येणार, अशी वार्ता आली. दर्जा ही गोष्ट आपल्याकडे स्थळ बघायला येणाऱ्या मंडळींसारखी असते: ती येणार म्हटले की घराला रंग काढतात, आणि घरात कोण आजारी आहे हे त्या दिवसापुरते विसरतात. केंद्राला रंग लागला, काचेची टेबले आली, टेबलांच्या दोन्ही बाजूंना फिरत्या खुर्च्या आल्या. माझ्याविषयी “हे फोटोत बरं दिसत नाही” असा विद्वत्तापूर्ण निर्णय झाला आणि माझी रवानगी दाराबाहेर, भिंतीशी झाली. नव्या मार्गदर्शकांची तयारीही एका दुपारी पडद्यावर आटोपली. त्यात केंद्राचे ध्येय होते, ध्येयामागची दृष्टी होती, बोधचिन्हातल्या रंगांचा अर्थ होता. माणसाच्या शेजारी कसे बसावे, हे नव्हते. शेवटी सामोसा आणि प्रमाणपत्र होते.

त्या दुपारी प्रमाणपत्र मिळालेल्यांत समर्थ होता. गंगापूर रोडला राहणारा, संख्याशास्त्रात वर्गात पहिला, मनाने सरळ. त्याच्यावर माझा राग नाही. रागासाठी त्याच्याहून वरच्या पदावरची माणसे मला पुरेशी आहेत. त्याच्या छातीवर मार्गदर्शक असा बिल्ला लावला गेला आणि त्याच्याच वर्षाला शिकणारी छाया त्याला पहिल्याच दिवशी “सर” म्हणाली. त्याला ते आवडले. कुणाला नाही आवडत?

छाया पिंपळगाव बसवंतची. सकाळी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करून ती दुपारी एसटीने नाशिकच्या द्वारका चौकात उतरे आणि तिथून येई. तिचा संख्याशास्त्राचा पेपर आधी राहिला होता. या खेपेलाही राहिला तर पुढच्या वर्गात प्रवेश नव्हता. “मग कॉलेज पुरे, पॅकहाऊसलाच पूर्णवेळ जायचं,” असे तिच्या भावाने स्पष्ट सांगितले होते. तिला तर पदवी घेऊन शिक्षिका व्हायचे होते.

दार उघडे असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. समर्थ काचेच्या टेबलापलीकडून उत्साहाने गणित सोडवी. कागद त्याचा, पेन त्याचे, उत्तरही त्याचेच. छाया ते उलटे पाही.

“समजलं ना?”

“हो सर.”

“अजून एक घेऊ?”

“घ्या ना सर.”

मग ती बाहेर येऊन माझ्यावर बसे. तिची मैत्रीण हर्षाली तिथे तिची वाट पाहत असे.

“काय गं, आलं का डोक्यात?”

“काही नाय. तो सूत्र लिहितो तिथंच माझी गाडी सुटते.”

“मग सांग की त्याला! जीभ काय पॅकहाऊसला ठेवून आलीस?”

“कसं सांगू? घामाघूम होतो गं बिचारा. लय मन लावून सांगतो. त्याला वाईट वाटंल.”

“त्याला वाईट वाटेल म्हणून तू नापास होणार? धन्य आहेस बाई!”

छाया हसली, हर्षाली मात्र हसली नाही. दार माझ्यापासून हातभरावर होते. आतला सांगत होता, बाहेरची बोलत होती, आणि दोन्ही ऐकणारे मी लाकडाचे होते.

समिती आली. समर्थ शिकवतो आहे आणि छाया मान डोलावते आहे, असे एक छायाचित्र काढले गेले. ते चौकटीत बसवून आत लावले आहे. केंद्राला वरची श्रेणी मिळाली. पुढे परीक्षेचा निकाल लागला. छायाचा पेपर राहिला.

त्यानंतर ती एकदाच आली. समर्थ बाहेर आला आणि काही न सुचून तिच्या शेजारी, माझ्यावर बसला.

“अगं, पण तू तर दर वेळी हो म्हणायचीस!”

“तुम्ही एवढं छान सांगत होता. नाय कसं म्हणणार? माझंच डोकं चालत नाय, सर.”

त्याने छातीवरचा बिल्ला काढला.

“मला सर म्हणू नकोस गं.”

“बरं, सर,” ती म्हणाली. उठली, ओढणी सारखी केली आणि गेटकडे गेली.

मित्रांनो, माझ्या फळ्यांना रंग द्या, माझे खिळे ठोका, अशी विनंती मी करणार नाही. लाकूड कुजते, तो त्याचा धर्म आहे. पण उद्या तुम्ही कुणाला काही शिकवायला बसाल, आणि समोरचे माणूस भराभर मान हलवू लागेल, तेव्हा कृपा करून थांबा. आपली खुर्ची उचला आणि त्याच्या बाजूला जा. त्याला चुकू द्या, आणि ते चुकत असताना उठून जाऊ नका.

परवा हर्षाली इथे एकटीच बसली होती. फोनवर बोलत होती, “आता पॅकहाऊसला दिवसभर का? मग बसायला तरी देतात का गं?” पलीकडून छायाने काहीतरी सांगितले. हर्षालीने फोन ठेवला आणि ती माझ्यावरून उठून उभी राहिली.