एकाहत्तर टक्के

माझ्या नवऱ्याला, हॉलिसला, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागायला लागलं आणि त्याच वर्षी आमच्या डोंगरात वारा सुटला की वीज बंद करायची पद्धत सुरू झाली. तारा झाडांवर पडून वणवे पेटतात, म्हणून. कारण न पटण्यासारखं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात आमच्याच रस्त्यावरची सात घरं गेली. हॉलिसची फुप्फुसंही त्या धुराने गेली, असं तो सगळ्यांना सांगायचा. चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक हाकताना ओढलेल्या सिगारेटींचं मी नाव काढलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

अडीनडीला एक सिलिंडर घरात होता, पण तो तीन तासांच्या वर पुरायचा नाही. पेट्रोलच्या जनरेटरचा धूर त्याला सोसणार नव्हता. मग उरली ती बॅटरीची मोठी पेटी, लोक तंबू ठोकायला जंगलात जाताना नेतात तसली. पॉवर स्टेशन म्हणतात तिला. भिंतीतल्या विजेवर भरून ठेवायची, संपत आली की अंगणात सोलरचे पत्रे मांडून पुन्हा भरायची.

मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. टायर स्वतः बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, ही माझी सवय. वही घेऊन बसले. मशीनच्या मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, तीनशे दहा वॉट. पेटीत साठते किती, मशीन खातं किती, भागाकार करायचा. पंधरा दिवस मी तेच करत होते. शेवटी एक करडी पेटी मनात भरली. दिसायला ओबडधोबड, वजन साठ पौंड, पण उन्हातान्हात टिकते असं ती वापरणारे बरेच जण सांगत होते. तरी म्हटलं, ग्रेडीला विचारून घेऊ.

ग्रेडी सॉटर. त्याचा बाप घर सोडून गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. हॉलिसने त्याला मासे धरायला शिकवलं, ट्रक चालवायला शिकवलं, दाढी करायलासुद्धा. आता तो बावन्न वर्षांचा, आणि इंटरनेटवर त्याचं चांगलं नाव होतं. तंबू, शेगड्या, दिवे असलं सामान घेऊन तो रानात जायचा, वापरून बघायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. दोन लाख लोक त्याचं ऐकून सामान घ्यायचे.

माझी वही बघून तो हसत सुटला.

"जोलीन, हे धूड? हे उचलताना तुझी कंबर मोडली, तर हॉलिसला कोण बघणार?"

"मला चाकाची ट्रॉली आहे."

"अगं, जुना माल आहे हा. थांब, मी आणतो तुमच्यासाठी."

दोन दिवसांनी तो नारिंगी पेटी आणि सोलरचे दोन पत्रे घेऊन आला. सुटसुटीत, गोल कोपऱ्यांची, पुढे चकचकीत पडदा. मी पाकीट शोधायला लागले, तर म्हणाला, "हॉलिसकडून पैसे घेऊ मी? ठेव ते."

"पूर्ण सहा तास चालवून बघते आधी," मी म्हटलं.

"मी बघितलंय. ऑगस्टमध्ये तळ्यावर शनिवार-रविवार दोन्ही दिवस हिच्यावर फ्रिज चालवला. माझ्या स्वतःच्या घरात ठेवीन अशी वस्तू आहे ही."

तरीही मी त्या संध्याकाळी तासभर मशीन लावलं. नीट चाललं. हवा गार होती. मग मी वही मिटून टाकली. ग्रेडीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं, दुसरं काही नाही.

पुढच्या आठवड्यात तो कॅमेरा घेऊन आला. "हॉलिस, म्हाताऱ्या, तुला हिरो करतो आज. निळा शर्ट घाल, चौकड्याचा नको." हॉलिसने केस विंचरले. नाकात नळी, शेजारी नारिंगी पेटी, आणि ग्रेडीने सांगितलेलं वाक्य तो बोलला: "वारा किती का सुटेना, मी आपला निवांत श्वास घेतो." तीनदा बोलायला लावलं, कारण दोनदा त्याला खोकला आला. तो व्हिडिओ गावातल्या सगळ्यांनी बघितला. वाणसामानाच्या दुकानात बायका माझ्याकडे हॉलिसची चौकशी करायच्या, आणि घरी आल्यावर तो मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. आजारी पडल्यापासून तो इतका खूश झालेला मी बघितला नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी फोनवर निरोप आला. सकाळी आठपासून वीज बंद, कदाचित दोन दिवस. आठला दिवे गेले. मी मशीनची वायर पेटीला लावली, मशीन घुरघुरायला लागलं. पडद्यावर शंभर टक्के. हॉलिस म्हणाला, "बघ, लेकाने केलं की नाही काम!"

वारा पूर्वेकडून येत होता, कोरडा आणि गरम. नऊ वाजेपर्यंत स्वयंपाकघर तापलं. खिडक्या उघडायची सोय नव्हती, धूळ आत आली असती. मी भांडी आवरत होते. अचानक घर गप्प झालं. त्या मशीनच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावरच मी दचकले. मग मशीन किंचाळायला लागलं.

पडद्यावर आकडा होता एकाहत्तर.

मी बटण दाबलं. सुरू झालं. चार मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा दाबलं, तर दोन मिनिटंच चाललं. पेटीला हात लावला, ती तव्यासारखी तापली होती. हॉलिसचे ओठ करडे पडायला लागले होते. मी सिलिंडर जोडला, घड्याळ बघितलं आणि ग्रेडीला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर फोनच लागेना. वीज गेली की आमच्याकडे तासाभरात मोबाइलचे टॉवरही मरतात.

इस्पितळ दीड तासावर, आणि खालचा रस्ता झाड पडल्याने बंद झाल्याचं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं. मला एकच घर सुचलं. ग्रेडीची आई ओपल आमच्यापासून चार मैलांवर राहते, एकटी. तिच्या घरी त्याने सगळी सोय केली आहे, हे तो आम्हाला नेहमी सांगायचा. म्हटलं, तिच्याकडेही नारिंगीच असणार. दोन पेट्या आळीपाळीने गार करत चालवू. मशीन, दोन्ही पत्रे, ती पेटी आणि सिलिंडरसकट हॉलिस, सगळं गाडीत घातलं. वाटेत हॉलिस म्हणाला, "तू काहीतरी चुकीचं बटण दाबलं असशील." मलाही तसंच वाटत होतं.

ओपलच्या घरात पंखा फिरत होता, फ्रिज चालू होता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण तिने एका हाताने दार धरलं आणि दुसऱ्या हाताने हॉलिसला आत घेतलं. "आधी बसव त्याला. बोलू नंतर. वायर कुठे आहे?"

मी वायर घेऊन वाकले आणि तिथेच थांबले. कपाटाशेजारी करडी पेटी होती. साठ पौंडांची, ओबडधोबड. माझ्या वहीतली.

मशीन लावलं. घुरघुर सुरू झाली. हॉलिसच्या चेहऱ्यावर रंग यायला दहा मिनिटं लागली. तोवर मी त्याच्या हाताची नखंच बघत होते.

"ओपल," मी विचारलं, "ही कधी घेतलीत?"

"जुलैत. आधी ग्रेडीने ती नारिंगी आणून ठेवली होती. कसली ती! दोनदा बंद पडली. माझं सगळं आइस्क्रीम वितळलं. हात लावला तर अशी तापलेली. मी म्हटलं, ग्रेडी, हे खेळणं उचल आणि ने. मग त्याने ही आणली. ही बरी आहे, कुरकुरत नाही."

"मग नारिंगीचं काय केलं त्याने?"

"काय माहीत बाई. म्हणाला, लागेल कोणाला तरी."

मी बाहेर गाडीपाशी गेले. नारिंगी पेटी काढली आणि उलटी केली. बुडाशी कोपऱ्यात काहीतरी गुलाबी, चिकट वाळलेलं होतं. नखाने खरवडलं. इतक्या महिन्यांनी स्ट्रॉबेरीचा वास येण्यासारखा नव्हता, तरी मला तो आला.

मी आत येऊन हॉलिसला सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि हात नुसता हलवला, नंतर बोलू या अर्थाने.

ग्रेडी साडेअकराला आला, आईला बघायला. दारातच थबकला.

"अरे! तुम्ही इथे कसे?"

"तुझी पेटी बंद पडली," मी म्हटलं. "एकाहत्तर टक्क्यांवर."

"उन्हात ठेवली होतीस का? खिडकीपाशी..."

"टेबलाखाली होती."

"कधी कधी मशीनची वायर सैल असली ना, तर..."

"ग्रेडी," ओपल म्हणाली, "यांना दिलीस ती माझ्याकडचीच का रे?"

"आई, तू जरा थांब."

"मी कशाला थांबू? माझ्या घरात आहे मी."

हॉलिसने हात वर केला. तो मोठ्याने बोलू शकत नाही, त्यामुळे आम्ही सगळे गप्प झालो.

"मला निळा शर्ट घालायला लावलास," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हॉलिस, कंपनीने मला शब्द दिला होता. महिनाभरात पेटीच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवणार होते, फोनवरून होते ती. मला वाटलं, तोवर वारा सुटायचा नाही. आणि त्यांना खरा माणूस हवा होता, खरं घर. मोठं काम होतं माझ्यासाठी ते, तुला कल्पना नाही..."

"मी हो की नाही विचारलं."

ग्रेडीने टोपी काढली. "हो."

"आणि तळ्यावरचा फ्रिज?" मी विचारलं.

"चालला होता. बराच वेळ."

"आईसाठी करडी आणलीस. तीच मी वहीत लिहिली होती, तेव्हा तू हसलास मला."

यावर तो जे बोलला ते बोलला नसता तर बरं झालं असतं. "आई एकटी असते गं. हॉलिसकडे तू आहेस ना. तू काहीतरी करशील हे मला माहीत होतं."

ओपलने हातातला कप ओट्यावर आपटला. हॉलिसने भिंतीकडे तोंड केलं. ग्रेडी माफी मागायच्या तयारीत होता हे दिसत होतं, पण सुरुवात करायला कोणी जागाच देत नव्हतं. शेवटी ओपलच म्हणाली, "जा आता. संध्याकाळी पाणी आणून दे, आणि दारातच ठेव."

आम्हाला मात्र जाता येत नव्हतं. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पंखा-फ्रिज बंद करून, दिवसा पत्र्यांवर भरत आणि रात्रीच्या गारव्यात नारिंगीही आळीपाळीने लावत आम्ही तोवर निभावलं; त्यानेच आणलेल्या पेट्यांवर, त्याच्याच आईच्या घरात हॉलिस श्वास घेत होता. ओपलने मक्याचा पाव आणि घेवड्याचं सूप केलं. हॉलिसने दोन घास खाल्ले. ती त्याला सारखं म्हणायची, "मी विचारायला हवं होतं रे, कोणाला दिलीस म्हणून." तो म्हणायचा, "ओपल, तुमचं काय चुकलं?" पण तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं, आणि मला तिची समजूत घालायचं त्राण नव्हतं.

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये गावाची बैठक होती, वीजबंदीवरच. मी नारिंगी पेटी टेबलावर ठेवली आणि झालं ते सांगितलं, ग्रेडीचं नाव घेऊन. मग विचारलं, "हॉलिसला बघून ही कोणी कोणी घेतली?" अकरा हात वर झाले. मागच्या रांगेतली वेंडलिन म्हणाली, तिने दमेकरी बहिणीसाठी दुसऱ्या गावीही पाठवली होती. मी घरी आले तेव्हा हॉलिसने आकडा विचारला. मी सांगितला. "म्हणजे मीच विकल्या की," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

ग्रेडीने तो व्हिडिओ काढून टाकला, पण बैठकीनंतर चौथ्या दिवशी. त्या जागी दोन ओळी टाकल्या, की फार उष्ण हवेत काही ग्राहकांना अडचणी आल्या आहेत. हॉलिसचं नाव नाही, माफी नाही. मला त्याने लांबलचक पत्र लिहिलं. मी पहिलं पान वाचलं. त्यात कंपनीबद्दल बरंच होतं.

करडी पेटी आम्ही नोव्हेंबरात घेतली. या वेळी मी ती पडवीत भर उन्हात ठेवली, वर घोंगडी टाकली, मशीन लावलं आणि खुर्ची घेऊन समोर बसले. पाच तास चाळीस मिनिटं. हॉलिस दारातून बघत होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पेटीबद्दल झालं."

डिसेंबरात एकदा आम्ही टपाल घ्यायला गेलो. हॉलिसच्या खांद्यावर बाहेर जाण्यासाठी नवा घेतलेला छोटा सिलिंडर होता, हातात पाकिटं. समोरून ग्रेडी आला. त्याने पटकन पुढे होऊन दार उघडून धरलं. हॉलिस त्याच्या पुढून गेला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आभारी आहे हं."

चाळीस वर्षांत त्याने ग्रेडीचे कधी आभार मानले नव्हते. ग्रेडीलाही ते समजलं असावं. आम्ही गाडीपर्यंत पोचलो तरी तो दार तसंच धरून उभा होता.