दुसऱ्या फळीवरची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची बाटली आहे. तुम्ही शाळेत नेता तसली नव्हे. देवासच्या एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यावर मी उलटी टांगलेली असे, आणि माझ्या नळीतून ते थेंब थेंब पाणी चाटत.

१९९६ साली मी आले तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! आधीच्या काचेच्या बाटल्या सारख्या फुटायच्या. पिंजऱ्यांची देखभाल करणारे मानाजी मला मुद्दाम फरशीवर पाडायचे नि म्हणायचे, "देखा, कशी मजबूत आहे!" तेच मला रोज कढत पाण्यात सोडा घालून घासत. त्यानं पाच वर्षांत मी धुरकट झाले, अंगभर चरे पडले.

मग प्रयोगशाळेतल्या संशोधक विद्युल्लताताईंनी एक प्रयोग मांडला. शरीर आपल्या अवयवांना जे निरोप धाडतं, त्यांना संप्रेरकं म्हणतात. काही रसायनं त्या निरोपांत घोटाळा करतात. अशी दोन रसायनं, अगदी थोडी थोडी, पण एकत्र पोटात गेली तर काय होतं, हे ताईंना पाहायचं होतं. पहिल्या फळीवरच्या गाभण उंदरिणींना साधं पाणी. दुसरीला पाण्यातून किंचित कीटकनाशक. तिसरीला तेवढंच कीटकनाशक आणि सोबत प्लॅस्टिकमधलं एक रसायन. नव्या बाटल्या कमी पडल्या, म्हणून दुसऱ्या फळीवर आम्ही जुन्या.

तिसऱ्या फळीवरच्या नर पिल्लांची वाढ नरासारखी झालीच नाही. ती भीती ताईंना होतीच. पण दुसऱ्या फळीवरचीही तशीच निघाली.

"मानाजीनं दोन्हीकडचं पाणी एक केलं, दुसरं काय!" मोठे साहेब यशवंतराव कडाडले.

"साहेब, नरसिंह भगवानची सौगंध, चिठ्ठी देखूनच भरलं मी पाणी."

कुणी ऐकलं नाही. ताईही गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मानाजी कामावर दिसले नाहीत.

मला मात्र ठाऊक होतं. उकाड्यात पाणी कोमट झालं की माझ्या चऱ्यांतून काहीतरी सुटायचं. वाटायचं, एवढ्याशानं काय होतंय? तिसऱ्या फळीला मोजून दिलेलं प्लॅस्टिकमधलं रसायन तेच होतं, मित्रांनो.

महिन्याभरानं ताईंनी मला सहज उजेडात धरलं आणि माझे चरे पाहून त्या थबकल्या. माझ्यात शुद्ध पाणी भरून आठवडाभर ठेवलं, मग ते तपासलं, तर त्यात तेच रसायन निघालं. लगेच मला पिशवीत घालून त्यांनी मानाजींच्या गावाची, हाटपिपल्याची बस धरली.

मानाजी घराच्या ओट्यावर बसले होते. ताईंनी सगळं सांगितलं. मानाजींनी माझ्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे कसूर माझाच निघाला, ताई. सोडा तर मीच घालायचो ना."

"सोडा घालायला मीच सांगितलं होतं, मानाजी. आणि त्या दिवशी साहेबांपुढे तोंडही उघडलं नाही."

"और ती पिल्लं?"

ताईंनी मला त्यांच्या हातून घेऊन पिशवीत ठेवलं. प्रयोग संपल्यावर पिल्लं जिवंत ठेवत नाहीत.

सोमवारी मानाजी कामावर आले. यशवंतरावांनी सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. पिंजऱ्यांवर पुन्हा काच आली.

मित्रांनो, मला जपा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? चरे पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये गरम दूध ओतू नका, एवढंच ऐका. आणि कुणावर खोटा आळ आला, तर ताईंसारखा महिना लावू नका. मानाजींना निदान माफी मिळाली. पिल्लांची माफी मी कुठे जाऊन मागू?