दोन महिने बंद असलेली लिफ्ट

"ते गाव आपल्यासाठी नाही," दारात बूट काढता काढताच नवऱ्याने निकाल लावला आणि सिस्टरने पुढे केलेला पाण्याचा ग्लास तिच्याच हातात राहिला.

सिस्टर म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं उभी राहून तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. आता कुठे नशीब उघडलं होतं: लांबच्या एका लहान गावच्या दवाखान्यात मुख्य परिचारिकेची जागा, शिवाय राहायला तळमजल्याचं घर. होय की नाही ते सोमवारी कळवायचं. लेकीने आधीच तोंड फुगवलं होतं. तिकडे मैत्रिणी काय पोस्टाने मागवू, असा तिचा सवाल. आणि नवरा पडला लिफ्टचा मेकॅनिक. रिकामी चालवून बघितल्याशिवाय माणसं चढवायची नाहीत, हे त्याचं ब्रह्मवाक्य. त्यामुळे रविवारी गाव बघतो म्हणून तो एकटाच निघाला होता.

त्याने पाढा वाचला. पाणी दिवसाआड, शाळा यथातथा, संध्याकाळी सातला सगळं चिडीचूप. सिस्टर एकेक मुद्दा खोडत गेली. पाणी भरून ठेवू, लेकीला मी शिकवीन. मग तो म्हणाला,

"दवाखान्याची लिफ्ट दोन महिने बंद आहे. पेशंटला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेतात. तुझे गुडघे आठवडाभर तरी टिकतील का?"

यावर तिने हातातला ग्लास खाली ठेवला. बाकी कशाबद्दलही हा माणूस थापा मारेल, पण लिफ्टबद्दल? देवाची शपथ मोडेल, लिफ्टची नाही. सोमवारी तिने नकाराच्या कागदावर सही केली. जागा तिच्या हाताखालच्या नर्सला, चिमणीला, मिळाली.

दीड महिन्याने चिमणी राहिलेलं सामान न्यायला आली. रंग उजळलेला, तोंडाचा पट्टा चालू.

"ताई, तुम्हीच यायला हवं होतं हो. सगळा दवाखाना बैठा, एक पायरी म्हणून नाही."

"आणि लिफ्ट?"

"बैठ्या दवाखान्यात लिफ्ट कशाला, ताई?" चिमणी खळखळून हसली.

सिस्टरही हसली. हसावं लागलं. म्हणजे हा गावात गेलाच नव्हता. गेला असता तर निदान दुसरी थाप मारली असती. जिथे लिफ्टच नाही तिथे लिफ्टवाल्याला कोण विचारणार, एवढीच त्याची भीती. तेवढं तोंडाने म्हणाला असता, तर तिने स्वतःहून नकार कळवला असता. एका शब्दाने बोलली नसती.

संध्याकाळी ती बिल्डिंगमध्ये शिरली तेव्हा तो लिफ्टचं दार धरून उभा होता. घर सहाव्या मजल्यावर.

"ये, आत्ताच तेलपाणी केलंय. मस्त चालतेय."

"बैठ्या दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त झाली का हो?" तिने विचारलं.

त्याचा हात दारावरच राहिला. ती जिन्याकडे वळली, कठडा धरला आणि पहिली पायरी चढली.

पहिल्या मजल्यावर त्याला घेऊन लिफ्ट येऊन थांबली. दार उघडलं, वाट बघून मिटलं. दुसऱ्यावर तसंच, तिसऱ्यावरही. तिने मान वळवली नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली नाही. तिच्या शेजारून रिकाम्यासारखी वर निघून गेली. सिस्टरने गुडघ्यावर हात टेकला, श्वास घेतला आणि पुढचा पाय उचलला.