माझ्या पोटातला उपाशी मासा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. आम्हां काचेच्या भांड्यांचं एक दुखणं असतं, आम्हांला काही म्हणजे काही लपवता येत नाही. मातीचं मडकं कसं पोटातलं पोटात ठेवून निवांत बसतं. माझ्या पोटात जे असेल ते येणाराजाणारा बघतो आणि वर बोलूनही जातो. एकदा मला त्याची इतकी लाज वाटली, की आजही कोणी माझ्यावरची धूळ पुसायला आलं तर नको वाटतं.

भट्टीत तापून, फुंकणीने फुगून मी जन्माला आले. पहिली नोकरी बोरिवलीच्या एका वाण्याकडे, लिमलेटच्या गोळ्या सांभाळायची. काय रुबाब होता माझा तेव्हा! शाळा सुटली की पोरं आधी माझ्याकडे बघायची, मग वाण्याकडे. पुढे त्याच्या हातून एक वजन निसटलं, माझ्या काठाचा टवका उडाला, आणि मी क्लॅरिसबाईच्या पदरात पडले. ती एक्सर गावठाणातली. नवरा बॅप्टिस्ट, उभा जन्म खाडीवर मासे धरण्यात गेलेला. क्लॅरिसबाईने मला राखेने घासलं आणि माझ्यात सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भरला. गोळ्यांचा वास जाऊन जवळ्याचा आला, तरी मी कुरकुरले नाही, कारण त्या घरात मला मान होता. मग क्लॅरिसबाई वारली. जवळा पत्र्याच्या डब्यात गेला आणि मी दाराजवळच्या बुटक्या फळीवर रिकामी पडून राहिले.

छप्पन साल असेल ते. बॅप्टिस्टचा गुडघा धरला होता, त्यामुळे जाळं घेऊन चिखलात उतरणं बंद झालं होतं. दिवसभर ओट्यावर बसून तो रस्त्याने जाणाऱ्यांवर करवादायचा. त्याचा मुलगा अँथनी साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होता आणि राहायचाही तिकडेच. म्हाताऱ्याला काहीतरी सोबत हवी असं त्याच्या मनाने घेतलं. एका रविवारी तो क्रॉफर्ड मार्केटातून डालड्याच्या डब्यात पाणी घालून एक सोनेरी मासा घेऊन आला. मला धुऊनपुसून विहिरीच्या पाण्याने भरलं आणि मासा माझ्यात सोडला.

मासा दुकानातूनच अशक्त आला होता. डोकं तेवढं मोठं, मागचं अंग चिंचोळं. अँथनी म्हणाला, "पप्पा, ह्याला जरा सांभाळ. तुला काय सांगायचं म्हणा, तुझा जन्म माशांत गेला."

"मग? मला मासे शिकवतोस?" बॅप्टिस्ट म्हणाला.

अँथनीला परतायची घाई होती. तो गेला. मासा खातो काय, हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

बॅप्टिस्टने हयगय केली असं मात्र मी म्हणणार नाही. लंगडत लंगडत तो रोज विहिरीवर जायचा, ताजं पाणी आणायचा, दुपारचं ऊन लागू नये म्हणून मला सरकवायचा. पण खाडीत माशांना कोण वाढतं? त्याच्या लेखी माशाला खाणं दाखवायचं ते गळाला लावून, आणि तेही त्यालाच पकडून खाण्यासाठी. पाण्यातला जीव पाण्यावर जगतो, असं तो धरून चालला होता. मासा उपाशीच राहिला.

हळूहळू त्याचा सोनेरी रंग उतरून मातकट झाला. पोट आत गेलं. तो तळाशी बसून राहू लागला. एका दुपारी बॅप्टिस्टने पावाचा तुकडा हातात घेतला, माझ्या तोंडावर धरला, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्याच तोंडात टाकला. त्याला संशय आला होता, मित्रांनो. पण एवढ्या वर्षांनी कोणाला जाऊन विचारणार, की मासे खातात काय?

शेजारचा फ्रेडी ओट्यावर टेकला की हटकून माझ्याकडे बघायचा. "काय रे बॅप्टिस्ट, मासा पाळलायस की काडी?"

"विलायती जात आहे. अशीच बारीक असते," बॅप्टिस्ट सांगायचा आणि दुसरीकडे बघायचा. त्याची लाज त्याच्याजवळ झाकलेली होती. माझी मात्र सगळ्यांसमोर उघडी पडलेली. उपाशी जीव पोटात घेऊन मी चारचौघांत बसले होते.

मागच्या खोलीत भाड्याने राहणारी रत्नप्रभा एका सकाळी विस्तव मागायला आली. ती मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत. तिने वाकून वरून माझ्यात बघितलं. वरून तर माशाचा नुसता कणाच दिसत होता.

"काका, ह्याका खावक काय घालतास?"

"खायला? पाण्यात असतं की."

"खाडीच्या पाण्यात असतला. विहिरीच्या पाण्यात काय असतला? आणि ता पण तुमी रोज बदलतास."

बॅप्टिस्टने ओट्यावर कोणी नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणाला, "दार लाव गं आधी."

रत्नप्रभा हसली नाही, हे तिचे उपकार. तिने दार लोटलं आणि फळीवर नजर फिरवली. माझ्या शेजारीच जवळ्याचा डबा होता. हातभर अंतरावर खाणं होतं आणि मासा मरायला टेकला होता. बॅप्टिस्टने कपाळावर हात मारून घेतला.

तिने चिमूटभर जवळा भिजवला, पाट्यावर बारीक वाटला. बॅप्टिस्ट मूठभर टाकायला निघाला तेव्हा तिने त्याचा हात धरला. "एकदम घालू नका, मरतलो तो. माझो भाव तापातसून उठलो, तेव्हा आयेन त्याका निस्ती पेज दिलेली."

कणभर टाकलं. मासा हलला नाही. उरलेलं तिने काढून टाकायला लावलं, पाणीही सगळं न बदलता थोडंच बदलायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅप्टिस्ट माझ्यापुढे स्टूल घेऊन बसू लागला. ओट्यावर जाणं त्याने सोडूनच दिलं.

"माझा हात ओळखतो तो," तो रत्नप्रभेला म्हणाला. "ह्या हाताने काय थोडे मासे मारलेत?" ती गेल्यावर तो माझ्या काठाशी वाकला आणि कुजबुजला, "खा रे बाबा. गळ नाही ह्यात."

आणखी थोडे दिवस गेले. मग माशाने एक कण तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. बॅप्टिस्टच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळलं, आणि माझी चिंता अशी की खारं पाणी माझ्यात पडू नये. त्यानंतर मासा रोज खाऊ लागला. पोट भरलं, शेपटी ताठ झाली, उशिरा का होईना पण रंगही परतला.

मग एका रविवारी अँथनी आला. फ्रेडी होताच. "बघ फ्रेडी," अँथनी म्हणाला, "मासा सांभाळावा तर आमच्या पप्पाने. केवढा झालाय."

बॅप्टिस्ट गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. रत्नप्रभा दारात उभी होती, तिनेही मान खाली घातली. पण त्याच्याच्याने ते कौतुक गिळवेना.

"मी ह्याला उपाशी मारत होतो," तो म्हणाला. "ह्याला खायला लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. मग संशय आला, तर विचारायची लाज वाटली."

फ्रेडी मांडीवर थाप मारून हसला. बॅप्टिस्टचे कान लाल झाले. अँथनी मात्र हसला नाही. "दुकानदार सांगत होता मला," तो म्हणाला. "मीच घाईत ऐकलं नाही." मग त्याने माझ्यावरून नजर काढली आणि बापाकडे नीट बघितलं. सदऱ्यातून वर आलेली गळ्याची हाडं त्याला बहुधा तेव्हाच दिसली.

"पप्पा, आणि तू काय जेवतोस?"

"जवळा आहे की," बॅप्टिस्ट म्हणाला.

त्या दिवशी अँथनी लवकर निघाला नाही. चुलीशी बसून त्याने भात टाकला.

मित्रांनो, घरात एखादा जीव आणलात, तर त्याला काय लागतं ते विचारून घ्या. माहीत नसेल तर सांगा माहीत नाही म्हणून, आणि लोक हसले तर हसू द्या. आणि तो जीव मुकाच असतो असं समजू नका. बोलता येणारी माणसंसुद्धा "जवळा आहे की" म्हणून गप्प बसतात.