टकट्याची टकटक

मी एक जुना टॅपेट आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. ट्रकच्या इंजिनात कॅम नावाचा उंचवटे असलेला दांडा फिरतो. तो मला वर उचलतो, मी माझ्यावरची सळई ढकलतो आणि झडप उघडते. वर जायचं, खाली यायचं, एवढंच काम. सरकारी नोकरीत याहून अधिक काम असतं असं ऐकून आहे, पाहिलेलं नाही.

आमचा ट्रक वडशाच्या दादाजी शेठांचा. दर आठवड्याला मीठ, तेल, कापड घेऊन आतल्या जंगलातल्या बाजाराला जायचा आणि संध्याकाळी परतायचा. तरुणपणी मी गुळगुळीत होतो. ट्रक शिवणयंत्रासारखा चालतो, असं चालक लटारू ज्याला त्याला सांगायचा. पुढे माझं तोंड झिजलं, माझ्यात नि सळईत फट पडली आणि मी टक टक वाजू लागलो. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन नवं गडचिरोली झालं. रस्त्याला मात्र ते कुणी कळवलं नाही. एसटी पूर्वीसारखीच येत नव्हती.

त्या रस्त्यावर एक फाटा होता. फाट्यापासून आत, धानाच्या बांध्यांपलीकडे, झाडू नावाच्या शेतकऱ्याचा टोला, म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. बांबूचे ट्रक दिवसभर जायचे, पण ते कुणासाठी थांबत नसत. थांबायचा तो लटारू. परतताना नाल्याचा लांब चढ चढू लागलो की माझा आवाज टोल्यात पोचायचा. "टकट्या आला," लोक म्हणायचे आणि गाठोडी उचलून निघायचे. ट्रक फाट्यावर येईपर्यंत तेही यायचे. लटारूला तिथे हॉर्न वाजवायची कधी गरजच पडली नाही.

मग दादाजी शेठांचे जावई नागपूरहून आले आणि हौसेने केबिनमध्ये बसले. त्यांचं डोकं उठलं. जावयाचं डोकं उठलं की वडशात लोखंडही बदलतं. नवा कॅम आला, सगळे टॅपेट नवे आले. मिस्त्री मला भंगारात टाकणार, तोच लटारू म्हणाला, "याले फेकू नोको. माह्यापेक्षा जास्त लोक याले ओळखतेत." त्याने मला सीटखालच्या पेटीत, पाना-पकडींच्या गर्दीत ठेवलं.

दुरुस्तीनंतरची ती पहिलीच खेप. परतताना नाल्याचा चढ ट्रक असा चढला की जावई खूष झाले असते. फाट्यावर लटारूने गाडी हळू केली, टोल्याच्या वाटेकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"आज कोनी नाई वाटते," तो स्वतःशीच म्हणाला, बिडी पेटवली आणि निघाला. खड्ड्यात मी पेटीला एकदा आपटलो. तो आवाज लटारूलाही ऐकू गेला नाही.

पुढच्या आठवड्यात फाट्यावर झाडू उभा होता. शेजारी त्याची मुलगी मंगली. टोल्यातली पहिली मॅट्रिक.

"लटारूभाऊ, त्या दिशी काऊन नाई आलास?"

"आलो ना. हळू बी केली गाडी. तुमीच नोहोते."

"एक गाडी गेली, ते ऐकलं आमी," झाडू म्हणाला. "हे मंगली म्हणे, बाबा, उठा, गाडी आली. मी म्हणलो, बस गुमान. तो आपला नोहे. आपला टकटकते."

लटारू खाली उतरला. "कुठी जाचं होतं?"

"चंद्रपूरले. नर्सच्या ट्रेनिंगचं बोलावनं होतं. दुसऱ्या दिशी सकाळी."

"आत्ता चाल ना, मी सोडतो. मालकाले मी पाहून घेतो."

"आता तिथी कोन बसलं आहे?" मंगली म्हणाली. मग तिने इंजिनाकडे पाहिलं. "वाजत काऊन नाई आता?"

"दुरुस्त झाला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बांधावरून परत गेली.

लटारू गाडीत चढला. त्याने बाजार आटोपला आणि परतताना ट्रकच्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं, एक मोडकं पातं फाट्यावरच्या मोहाच्या झाडाला टांगलं. तारेने मला शेजारी बांधलं. तेव्हापासून तो दर खेपेला उतरतो, मला पात्यावर हाणतो, आणि माणसं येईपर्यंत थांबतो. आवाज चांगला आहे. टोल्यात स्वच्छ जातो.

मंगलीला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, टोल्यातल्या टोल्यातच.

मित्रांनो, जुनी वस्तू कुरकुरू लागली तर जरूर दुरुस्त करा. आम्हालाही दुखतं म्हणूनच आम्ही वाजतो. फक्त पाना लावण्याआधी एकदा विचारा, हा आवाज ऐकून कोण घरून निघतं. नंतर विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते फाट्यावर उभं राहून ऐकावं लागतं.

हल्ली मंगली पोरीला कडेवर घेऊन येते, वडशाच्या नर्सबाईंना दाखवायला. ट्रकची वाट पाहताना पोर माझ्याकडे हात करते.

"हा टकट्या," मंगली तिला सांगते. "पयले गाडीत राहे."